खोलीचा थर्मोस्टॅट घडवणारे शिक्षक : वॉरन जॉन्सन



समजा, तुम्ही वर्गात शिकवत आहात. मुलं रंगली आहेत. अपूर्णांकाचं उदाहरण फळ्यावर अर्ध्यावर आलंय, आणि तेवढ्यात दारात कोणीतरी येऊन उभं राहतं. कधी सूचना वही घेऊन, तर कधी पोषण आहारासाठी पटावरची हजेरी विचारायला. काम दोनच मिनिटांचं असतं. पण मुलांचं लक्ष एकदा उडालं की ते परत आणायला दहा मिनिटं जातात. आपण मनातल्या मनात चरफडतो आणि पुन्हा खडू हातात घेतो.

साधारण १४० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका शिक्षकालाही असाच त्रास होता. फरक एवढाच की ते चरफडून थांबले नाहीत. खोलीचं तापमान आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या इतिहासात त्यांचं नाव अगदी सुरुवातीला येतं. त्या शिक्षकाचं नाव वॉरन सीमोर जॉन्सन. आजच्या लेखात आपण त्यांचं चरित्र पाहणार आहोत.

आधी आजच्या घरात डोकावू या

जॉन्सन यांनी नेमकं काय केलं हे कळायला आजचं एक घर पाहावं लागेल. तुमच्या नात्यातलं कोणी इंग्लंडमध्ये राहत असेल, तर व्हिडिओ कॉलवर त्यांच्या खिडकीखाली भिंतीला टेकलेली लोखंडी पन्हाळ्यांसारखी एक चौकट तुम्ही पाहिली असेल. तिला रेडिएटर म्हणतात. स्वयंपाकघरात किंवा जिन्याखालच्या कपाटात गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, ते गरम पाणी नळ्यांतून रेडिएटरमध्ये फिरतं आणि घर उबदार राहतं. आपल्याकडे गिझर फक्त आंघोळीच्या पाण्यापुरता असतो, तिकडे बॉयलर अख्खं घर तापवतो.

आता बॉयलर कधी पेटायचा आणि कधी विझायचा, हे ठरवतं कोण? त्यासाठी बऱ्याच घरांत दोन छोट्या पेट्या असतात. एक दिवाणखान्यात असते, ती थर्मोस्टॅटची. ती बॅटरीवर चालते आणि खोलीतली थंडी मोजते. दुसरी बॉयलरजवळ असते, तिला रिसीव्हर म्हणतात. खोली थंड झाली की थर्मोस्टॅट बिनतारी संदेश पाठवतो. रिसीव्हर तो पकडतो, त्याच्या आत टक् असा आवाज होऊन एक स्विच जोडला जातो आणि बॉयलर सुरू होतो. खोली पुरेशी तापली की उलटा संदेश जातो आणि बॉयलर बंद.

म्हणजे पाहा, कामं तीन आहेत. एकाने थंडी ओळखायची, दुसऱ्याने निरोप घ्यायचा आणि तिसऱ्याने आग पेटवायची.

अलीकडे तिकडचे लोक हा जुना रिसीव्हर काढून त्याच्या जागी स्मार्ट हब बसवून घेतात. बाहेरून पाहिलं तर काम अगदी छोटं वाटतं. विजेचा पुरवठा बंद करायचा, जुनी पेटी तिच्या पाटीवरून उतरवायची, तारा कुठल्या खुणेला जोडल्या आहेत ते नीट पाहून नवी पेटी चढवायची. पाटी जुळणारी असेल तर बरेचदा तारा हलवाव्याही लागत नाहीत. मग नव्या हबची आणि नव्या थर्मोस्टॅटची जोडी जुळवून द्यायची, कारण जुना थर्मोस्टॅट सहसा नव्या हबशी बोलत नाही. अर्थात, वीज आणि गॅस दोन्ही जवळ असल्यामुळे हे काम जाणकार माणसानेच करायचं असतं. गॅसच्या भागाला तर ब्रिटनमध्ये नोंदणीकृत तंत्रज्ञाशिवाय हात लावता येत नाही.

जुना रिसीव्हर फक्त चालू आणि बंद एवढंच जाणायचा. नवा हब काय जास्त करतो? तो प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं ठेवू शकतो. त्यासाठी रेडिएटरवर वेगळे स्मार्ट वॉल्व्ह बसवावे लागतात. सकाळी सहाला घर तापवायचं, सगळे बाहेर गेल्यावर थांबायचं, असं वेळापत्रक तो पाळतो. शिवाय घरातल्या इंटरनेटला जोडलेला असल्यामुळे तो मोबाईलवरूनही आज्ञा घेतो. तापमान, वेळ आणि बिनतारी संदेश, हे तीन शब्द लक्षात असू द्या. शेवटी आपल्याला ते लागणार आहेत.

बालपण आणि सुरुवातीचे दिवस

वॉरन जॉन्सन यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८४७ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या लेस्टर या गावी झाला. ते लहान असतानाच त्यांचं कुटुंब विस्कॉन्सिन राज्यात राहायला आलं. विस्कॉन्सिन म्हणजे कडाक्याच्या थंडीचा मुलूख. हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो. तिथे खोली उबदार ठेवणं ही चैन नसते, गरज असते.

त्यांचं औपचारिक शिक्षण फारसं झालं नव्हतं. जे शिकले ते बरंचसं स्वतःच्या बळावर, वाचून आणि हाताने करून. छपाईचं काम केलं, जमीन मोजणीचं काम केलं, मग शाळेत शिक्षक झाले आणि पुढे शाळांचे अधीक्षकही झाले. नोकऱ्यांची ही यादी वाचून कोणी म्हणेल, काय ही धरसोड! पण छपाईने त्यांना नेटकेपणा दिला असेल आणि मोजणीने अचूकपणा, असं मला वाटतं. पुढे या दोन्ही गोष्टी त्यांना उपयोगी पडणार होत्या.

१८७६ मध्ये ते व्हाइटवॉटर या गावच्या स्टेट नॉर्मल स्कूलमध्ये प्राध्यापक झाले. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवणारी संस्था, आपल्या डी.एड. कॉलेजसारखी. आज त्या संस्थेचं विद्यापीठ झालं आहे. तिथे ते विज्ञान शिकवत. म्हणजे आपल्यासारख्यांना शिकवणारे ते शिक्षक होते. म्हणूनच मला ते जवळचे वाटतात.

वर्गातला त्रास

त्या काळी शाळेच्या तळघरात भट्टी असे. तिची उष्णता वरच्या वर्गांत खेळवली जाई आणि झडपा उघडून किंवा मिटून ती कमी-जास्त करता येई. पण कोणता वर्ग गार पडलाय आणि कोणता तापलाय, हे तळघरातल्या माणसाला कळणार कसं? त्यासाठी शाळेचा शिपाई प्रत्येक वर्गात यायचा, भिंतीवरचा तापमापक पाहायचा, परत तळघरात जायचा आणि झडप फिरवायचा. पुन्हा काही वेळाने फेरी. दिवसभर हेच.

यात दोघांचे हाल होते. शिपायाला जिने चढायचे-उतरायचे, आणि वर्गात दरवेळी दार उघडून शिकवण्यात खंड. शिवाय तो येऊन जाईपर्यंत मुलं एक तर कुडकुडत किंवा पेंगत. थंडीने बोटं आखडलेलं मूल लिहिणार कसं? आणि फार उष्णता झालेल्या बंद खोलीत कोण लक्ष देणार?

आता इथे थोडं थांबा. हा त्रास त्या काळातल्या किती शाळांत असेल! किती शिक्षकांनी तो पाहिला असेल! पण तो त्रास म्हणजे सोडवायचं एक उदाहरण आहे, असं फार थोड्यांना वाटलं. जॉन्सन त्या थोड्यांपैकी एक.

पहिलं उत्तर : निरोप पोचवणारं यंत्र

त्यांनी सुरुवातीला फार मोठं स्वप्न पाहिलं नाही. प्रश्नाचा एकच तुकडा उचलला. शिपायाने वर्गात न येता त्याला तळघरातच वर्गाचं तापमान कसं कळेल, एवढाच विचार केला.

उत्तर होतं दोन धातूंच्या जोडपट्टीत. पदार्थ तापला की प्रसरण पावतो, हे आपण मुलांना शिकवतोच. पण सगळे धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. पितळ पोलादापेक्षा जास्त वाढतं. मग या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या आणि तापवल्या तर काय होईल? पितळेची बाजू जास्त लांब होऊ पाहणार, पोलादाची बाजू तिला अडवणार, आणि पट्टी वाकणार. गार झाली की पुन्हा पहिल्यासारखी. या वाकण्याचा उपयोग विजेचा मार्ग जोडायला आणि तोडायला करता येतो.

हे तत्त्व जॉन्सन यांनी शोधलेलं नाही. ते आधीपासून माहीत होतं. थर्मोस्टॅट हा शब्दसुद्धा अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्येच वापरला होता. जॉन्सन यांचं काम वेगळं होतं. त्यांनी ही पट्टी खोलीत नेली आणि विजेच्या तारेने तळघराशी जोडली. वर्गात ठरलेल्यापेक्षा जास्त गरम किंवा थंड झालं की खाली इशारा मिळायचा. शिपाई तळघरात बसूनच झडप फिरवायचा. वर्गाचं दार बंद ते बंदच.

या विजेवर चालणाऱ्या खोलीच्या थर्मोस्टॅटचं पेटंट त्यांना जुलै १८८३ मध्ये मिळालं.

पुढची पायरी

एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न उभा राहतो. तळघरात इशारा मिळतोय, ठीक. पण झडप फिरवायला माणूस हवाच ना? तो जेवायला गेला तर? मग इशाऱ्यानेच झडप का फिरू नये?

इथे शिक्षकाचं काम संपून कारखान्याचं काम सुरू होणार होतं, आणि त्यासाठी पैसा लागणार होता. जवळच्या मिलवॉकी शहरातले श्रीमंत उद्योजक विल्यम प्लँकिंटन यांना या कल्पनेत रस वाटला. त्यांच्या भांडवलावर काम उभं राहिलं आणि १८८५ मध्ये जॉन्सन इलेक्ट्रिक सर्व्हिस कंपनी स्थापन झाली. जॉन्सन यांनी प्राध्यापकी सोडली.

हा निर्णय सोपा नसणार. वय अडतिशीच्या आसपास, हातात स्थिर आणि मानाची नोकरी, आणि समोर एक नवी, बेभरवशाची गोष्ट. शिवाय ज्या वर्गासाठी हे सगळं केलं, तो वर्गच सुटला. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट थोडी टोचते. नॉर्मल स्कूलने एक चांगला शिक्षक गमावला हे खरंच. पण त्यानंतर किती वर्गांची दारं विनाकारण उघडायची थांबली, हेही खरं.

कंपनीत त्यांनी दाबलेल्या हवेचा वापर केला. खोलीतली जोडपट्टी वाकली की हवेचं एक बारीक तोंड उघडायचं किंवा मिटायचं. त्यामुळे नळीतला हवेचा दाब बदलायचा आणि त्या दाबाने उष्णतेची झडप फिरायची. माणसाची गरजच नाही. १८९५ मध्ये त्यांनी अशा यंत्रणेचं पेटंट घेतलं. एकाच इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांचं तापमान तिच्यामुळे वेगवेगळं ठेवता येऊ लागलं. आजचा स्मार्ट हब खोलीगणिक तापमान ठेवतो याचं आपल्याला कौतुक वाटतं, पण ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे.

याच सुमारास आणखी एक माणूस याच वाटेवर होता. अल्बर्ट बुट्झ यांनी शेजारच्या मिनेसोटा राज्यात भट्टीची झडप आपोआप उघडण्या-मिटण्याची युक्ती काढली. त्यांच्या कामातून पुढे हनीवेल ही कंपनी उभी राहिली. मुलांना हे जरूर सांगावं. शोध एकट्याचा नसतो. गरज खरी असेल तर ती अनेकांना एकाच वेळी दिसते.

स्वस्थ न बसणारा माणूस

कंपनी स्थिरावल्यावर दुसरा कोणी असता तर थर्मोस्टॅट विकत आरामात बसला असता. जॉन्सन यांना ते जमलं नाही.

त्यांनी मनोऱ्यावरची मोठी घड्याळं बनवली. हवेच्या दाबाचं जे तंत्र त्यांनी झडपांसाठी वापरलं होतं, तेच आता घड्याळाचे काटे फिरवू लागलं. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलच्या मनोऱ्यावरचं घड्याळ त्यांचंच. त्याच्या तबकड्यांचा व्यास २६ फूट, म्हणजे लंडनच्या बिग बेनच्या तबकडीपेक्षाही मोठा. १९०४ मध्ये सेंट लुईस इथे जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा टेकडीच्या उतारावर फुलांचं एक भलंमोठं घड्याळ केलं होतं. व्यास ११२ फूट! त्याचे काटे फिरवणारी यंत्रणा जॉन्सन यांची होती.

त्यांनी बिनतारी संदेशाचेही प्रयोग केले. तो मार्कोनीचा काळ. तारेशिवाय निरोप पाठवता येतो, या कल्पनेने तेव्हा अनेक संशोधकांना झपाटलं होतं. मिलवॉकीतल्या या कामात ली डी फॉरेस्ट हा तरुण काही काळ नोकरीला होता. त्याने पुढे रेडिओसाठी फार महत्त्वाची ठरलेली निर्वात नळी तयार केली. मिलवॉकीचं बिनतारी काम मात्र फार पुढे गेलं नाही.

मग मोटारी. वाफेवर चालणाऱ्या मोटारी आणि मालवाहू गाड्या त्यांनी बनवल्या. घोडागाडीऐवजी त्यांच्या मोटारीतून टपाल नेण्याचं कामही मिळालं. एकूण पन्नासहून अधिक पेटंट त्यांच्या नावावर आहेत.

५ डिसेंबर १९११ रोजी कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस इथे त्यांचं निधन झालं. वय ६४ वर्षं.

त्यांच्यानंतर

त्यांच्या पश्चात कंपनीची सूत्रं हॅरी एलिस यांच्याकडे आली. एलिस व्यवहारी होते. घड्याळं, मोटारी हे सगळे फाटे बंद करायचे आणि फक्त तापमान नियंत्रणावर लक्ष द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच ठरलं. कंपनी टिकली, वाढली. जॉन्सन कंट्रोल्स या नावाने ती आजही जगभर काम करते.

आता ते तीन शब्द आठवा : तापमान, वेळ आणि बिनतारी संदेश.

जॉन्सन यांनी तापमानावर काम केलं. वेळ दाखवणारी घड्याळं केली. बिनतारी संदेशावर प्रयोग केले. पण या तीन गोष्टी त्यांच्या आयुष्यात तीन वेगवेगळ्या टेबलांवर राहिल्या. त्या काळात त्या जोडणं शक्यही नव्हतं. बिनतारी यंत्र म्हणजे तेव्हा उंच मनोरे आणि कडकड ठिणग्या पाडणारी अवजड सामग्री. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत थंडी कळवायला कोण वापरणार?

आज इंग्लंडमधल्या एखाद्या घरात तंत्रज्ञ जुना रिसीव्हर काढून तळहाताएवढा स्मार्ट हब बसवतो, तेव्हा त्या एकाच पेटीत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. ती खोल्यांचं तापमान जाणते, घड्याळ पाहून वागते आणि तारेशिवाय निरोप घेते. शिपायाची वर्गातली फेरी पहिल्या तारेने वाचवली. झडप फिरवणारा त्याचा हात हवेच्या दाबाने वाचवला. आणि मग ती तारसुद्धा बिनतारी लहरींनी काढून टाकली. कामं मात्र तीच राहिली. थंडी ओळखणं, निरोप घेणं, आग पेटवणं.

हा हब जॉन्सन यांच्या प्रयोगांतून थेट आलेला नाही, हे मुद्दाम सांगतो. तो वेगवेगळ्या देशांतल्या असंख्य लोकांच्या कामातून आला. पण जे धागे एका माणसाला एकाच वेळी ओढत होते, ते शंभर वर्षांनी एकत्र विणले गेले, एवढं नक्की.

आपण काय घ्यावं?

आपल्या प्रत्येकाच्या वर्गात एखादं मूल असं असतं की आज घड्याळ उघडून बसतं, उद्या रेडिओचे स्पीकर काढतं आणि परवा चाकाची गाडी करतं. धड एकही पुरं करत नाही. पालक तक्रार करतात, आपणही म्हणतो, अरे एकावर लक्ष दे. हा सल्ला चुकीचा नाही. जॉन्सन यांची कंपनी एका गोष्टीवर लक्ष दिल्यामुळेच टिकली. पण त्याच जॉन्सन यांच्या हवेच्या झडपेतून घड्याळाचे काटे फिरले, कारण त्यांचं मन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जात होतं. तेव्हा अशा मुलाला दटावण्याआधी, त्याच्या या सगळ्या उद्योगांत काही समान धागा आहे का, ते आपण शोधावं. बरेचदा असतो. त्या मुलाला तो दाखवून दिला, तर कदाचित ते एखादी गोष्ट पुरीही करेल.

आणि दुसरी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. शाळेत रोज होणारा एखादा त्रास निवडा. एकच. तो कोणामुळे होतो हे बाजूला ठेवा. निरोप कुठून कुठे जायला हवा आणि मध्ये माणूस का धावतो, एवढंच कागदावर लिहा. सूचना वहीचंच घ्या. शाळेत मिळून ठरवलं तर ती मधल्या सुट्टीतच फिरवता येणार नाही का? यंत्र लागेलच असं नाही. जॉन्सन यांनीही आधी फक्त निरोपाचाच विचार केला होता.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. साध्या, म्हणजे आपोआप बंद-चालू होणाऱ्या इस्त्रीचा दिवा मुलांना लांबून दाखवा. इस्त्री तापली की दिवा विझतो, थोडी निवली की पुन्हा लागतो. आत जोडपट्टी काम करते. हे शिक्षकांनी किंवा पालकांनी स्वतःच दाखवावं, मुलांच्या हातात इस्त्री देऊ नये.

२. बिस्किटाच्या पुड्याचा किंवा चहाच्या पाकिटाचा असा कागद घ्या, ज्याला एका बाजूने पातळ धातूचा मुलामा आहे. त्याची अरुंद पट्टी कापून चिमट्यात धरा आणि गरम दिव्याजवळ न्या. दोन थर वेगवेगळे प्रसरण पावल्यामुळे पट्टी वळताना दिसते. आधी मुलांना अंदाज करू द्या की ती कोणत्या बाजूला वळेल.

३. तीन मुलं पुढे बोलवा. एक खोली, एक निरोप्या, एक भट्टी. खोलीला थंडी वाजली की निरोप्याने धावत जाऊन भट्टीला सांगायचं. पाच-सहा फेऱ्यांनंतर निरोप्या दमेल. मग वर्गाला विचारा, याचं धावणं कसं वाचवता येईल? मुलांची उत्तरं फळ्यावर लिहा आणि त्यानंतरच जॉन्सन सरांची गोष्ट सांगा.